पुस्तकातून कापलेला समुद्र

पुण्यात एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात एक जुनं छापचित्र टांगलेलं आहे. त्यात हवाई बेटांजवळची एक जोडहोडी आहे, खेकड्याच्या नांगीसारखं वर वळलेलं शीड आहे आणि होडीत ओळीनं बसलेले वल्हेकरी आहेत. सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे. मुखवट्यांना डोळ्यांसाठी भोकं पाडलेली, डोक्यावर तुरे खोवलेले, हनुवटीखाली कापडाच्या पट्ट्या लोंबणाऱ्या. समुद्र निळा, पट्ट्या लाल, आभाळाला फिकट गुलाबी झाक. स्नेह्यांनी ते लंडनच्या एका दुकानातून चांगले पैसे मोजून आणलं आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते अभिमानानं सांगतात, "हवाईचे योद्धे. कॅप्टन कुकच्या वेळचे. ओरिजिनल आहे."

ओरिजिनल आहे हे खरंच. एकदा त्यांच्या परवानगीनं मी फ्रेम उतरवून मागचा पुठ्ठा सोडवला. कागद जाडसर, हाताला किंचित खरखरीत. चित्राभोवती बोट फिरवलं की चौकोनी खोलवा लागतो, तांब्याचा पत्रा कागदात रुतल्याची ती खूण. मधोमध घडीची उभी रेघ. आणि डाव्या कडेला, फ्रेमच्या कार्डाखाली झाकलेली, सुईची चार बारीक भोकं. ती शिवणीची. भोकांच्या पलीकडे कागद सरळ, एका दमात, पट्टी लावून कापलेला. हे पान कधीतरी एका पुस्तकात शिवलेलं होतं आणि कुणीतरी ते धारदार पात्यानं वेगळं केलं. चित्राखालची ओळही कार्डाखाली गेली होती. त्या ओळीत "योद्धे" असा शब्द कुठेही नाही. तिथे एवढंच लिहिलंय की ही सँडविच बेटांवरची, म्हणजे हवाईचीच, होडी आहे आणि वल्हेकऱ्यांनी मुखवटे घातलेत.

हे चित्र जॉन वेबरचं. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या प्रशांत महासागरातल्या तिसऱ्या सफरीवर तो चित्रकार म्हणून गेला होता आणि त्याच्या चित्रांवरून कोरलेले पत्रे १७८४ साली सफरीच्या अधिकृत वृत्तांताबरोबर लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मजकुराचे तीन खंड आणि मोठ्या चित्रांचा स्वतंत्र अॅटलास. कुक मारला गेल्यामुळे तिसरा खंड जेम्स किंग या अधिकाऱ्यानं लिहिला. मुखवट्यांबद्दल किंग काय सांगतो ते पाहण्यासारखं आहे. मोठ्या भोपळ्याला डोळ्यांसाठी आणि नाकासाठी भोकं पाडलेली, वर हिरव्या डहाळ्या खोचलेल्या, त्या लांबून पिसांच्या तुऱ्यासारख्या दिसतात, असं तो लिहितो. पुढे म्हणतो की हे मुखवटे आम्ही फक्त दोनदा पाहिले. दोन्ही वेळा एका होडीतून बरीच माणसं ते घालून जहाजाजवळ आली, हसत-खिदळत, सोंग आणल्यासारखी. दगडांपासून डोकं वाचवायला ते वापरतात, कुठल्या खेळात वापरतात की नुसती गंमत म्हणून, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणजे ज्यांनी ते मुखवटे डोळ्यांनी पाहिले त्यांची साक्ष अशी, की ही माणसं हसत होती आणि आम्हाला अर्थ ठाऊक नाही. पुण्याच्या भिंतीवरची साक्ष अशी, की हे योद्धे. आज खुद्द हवाईत याच मुखवट्याची छोटी प्रतिकृती गाडीच्या आरशाला लटकवलेली दिसते, तीही योद्ध्याचं शिरस्त्राण म्हणून. त्याबद्दल मी हवाईच्या माणसाला काही सांगायला जाणार नाही. आपल्या पूर्वजांच्या खुणेचा नवा अर्थ लावण्याचा हक्क त्याचा आहे. पण विक्रेत्याला तो हक्क नाही, आणि पान कापून किंगची साक्ष गायब करण्याचा तर नाहीच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रशांत महासागराच्या सफरींची जी जुनी पुस्तकं अजून अखंड आहेत, ती चित्रांसाठी फोडणं बंद झालं पाहिजे. हा व्यापार कायद्याच्या चौकटीत बसतो, गेली कित्येक दशकं उजळ माथ्यानं चालतो आणि त्यात सज्जन माणसंही आहेत. तरीही तो बंद व्हायला हवा. जुना कागद जपावा एवढंच त्यामागचं कारण असतं तर मी इतका हट्ट धरला नसता. माझा हट्ट यासाठी आहे की ही चित्रं मुळातच अर्धं खोटं बोलतात, आणि त्यांचं खोटं पकडण्याची जागा शेजारच्या मजकुरात असते.

अर्धं खोटं कसं, ते सांगतो. जहाजावरचा चित्रकार जे काढायचा ते लोकांपर्यंत तसंच पोचायचं नाही. लंडनमध्ये कित्येकदा दुसरा एखादा नावाजलेला चित्रकार ते नव्यानं काढायचा, कोरणारा तिसराच, तो कोरणीनं तांब्यावर रेघ न् रेघ उमटवायचा. छापताना चित्र उलटतं, म्हणून पत्र्यावर ते आरशातल्यासारखं कोरावं लागे. एक मोठा पत्रा पुरा व्हायला महिनेच्या महिने जायचे. चित्राखाली डाव्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आणि उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं. मधे कुणाकुणाचा हात फिरला ते प्रत्येक वेळी कागदावर येतंच असं नाही.

कुकच्या पहिल्या सफरीत अलेक्झांडर बुखान नावाचा तरुण चित्रकार होता. १७६९ च्या जानेवारीत जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, टिएरा देल फुएगोला थांबलं तेव्हा त्यानं तिथल्या माणसांचं एक चित्र काढलं. काटक्यांची उघडी झोपडी, त्यात विस्तवाभोवती अंग चोरून बसलेली माणसं, थंडीनं आखडलेली. थंडी कसली होती याची दुसरी साक्षही आहे. त्याच दिवसांत सफरीवरचा वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याच्याबरोबर डोंगरावर गेलेले त्याचे दोन कृष्णवर्णीय नोकर, थॉमस रिचमंड आणि जॉर्ज डॉर्ल्टन, बर्फात गारठून मेले. कुकनं आपल्या रोजनिशीत तिथल्या लोकांबद्दल लिहिलं की आज पृथ्वीवर यांच्याइतके हलाखीतले लोक क्वचितच असतील. बुखान स्वतः तीन महिन्यांत ताहितीत वारला.

मग १७७३ साली जॉन हॉक्सवर्थनं संपादित केलेला सफरींचा वृत्तांत निघाला. त्यात बुखानचं चित्र जिओव्हानी चिप्रियानीनं नव्यानं रेखाटलं आणि फ्रान्चेस्को बार्तोलोझ्झीनं कोरलं. झोपडी राहिली, पण भोवती डौलदार झाडं आली, माणसांचे हातपाय ग्रीक पुतळ्यांसारखे घाटदार झाले, आणि कुडकुडणाऱ्या कुटुंबाचं एकदम वनविहाराला निघालेलं सुखी मंडळ झालं. साध्या, निसर्गात राहणाऱ्या माणसाला आपल्यासारख्या चिंता नसतात, हे तेव्हाच्या सुशिक्षित युरोपला ऐकायचं होतं. कोरणाऱ्यांनी ते दाखवलं.

१७७३ म्हटलं की मराठी माणसाला शनिवारवाडा आठवतो. नारायणराव पेशव्यांचा खून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला. आनंदीबाईंनी "धरावे"चं "मारावे" केलं ही आख्यायिका खरी असो वा नसो, "ध चा मा" हा शब्दप्रयोग आपण त्यातून घेतला. एका अक्षराच्या फेरफारानं हुकूम फिरतो हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये तांब्याच्या पत्र्यावर अख्ख्या समाजाचा ध चा मा झाला. पण बुखानचं मूळ चित्र ब्रिटिश लायब्ररीत उरलं आणि कुकची रोजनिशी उरली, म्हणून आज तो फेरफार दाखवता येतो. मूळ पत्रच कुणी नाहीसं केलं असतं तर "मा" हाच खरा ठरला असता.

आपण आज मागे वळून पाहतो म्हणून एवढे कडक होतो, असंही म्हणायची सोय नाही. त्या काळातल्या माणसांनीच तक्रार केली होती. दुसऱ्या सफरीवर गेऑर्ग फोर्स्टर होता, निघाला तेव्हा सतरा वर्षांचा. परतल्यावर १७७७ साली त्यानं स्वतःचं प्रवासवर्णन लिहिलं. टोंगामधल्या एवा बेटावर कुक उतरल्याचं चित्र विल्यम हॉजेसनं काढलेलं आणि शेर्विननं कोरलेलं. त्याबद्दल फोर्स्टरनं स्पष्ट लिहिलं की जाणकारांना यात ग्रीक चेहरे आणि ग्रीक घाट दिसतील, तसे दक्षिण समुद्रात कधीच कुठे नव्हते. त्यांच्या अंगावर घातलेले पायघोळ, वाऱ्यावर उडणारे झगेही त्याला खटकले. प्रत्यक्ष पाहून काढलेली रेखाटनं हॉजेसकडून हरवली असावीत आणि ती उणीव त्यानं स्वतःच्या कल्पनेनं भरून काढली असावी, असा त्याचा संशय. गंमत अशी की फोर्स्टरच्या पुस्तकाला ती चित्रं मिळाली नाहीत. सरकारनं ती कुकच्या अधिकृत पुस्तकासाठी राखली. चित्र एका पुस्तकात आणि त्याचा प्रतिवाद दुसऱ्या पुस्तकात, असं ते जन्मापासूनच ताटातूट होऊन बसलंय. आज ते चित्र कापून विकलं की प्रतिवाद शोधायला कुठे जायचं हेच गिऱ्हाइकाला कळत नाही.

सुटं चित्र काय करू शकतं याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे कुकच्या मृत्यूचं चित्र. १४ फेब्रुवारी १७७९, हवाईचा केआलाकेकुआ उपसागर. वेबरच्या चित्रावरून बार्तोलोझ्झी आणि विल्यम बर्न यांनी ते कोरलं आणि १७८४ मध्ये ते स्वतंत्रपणे विकायला आलं. अधिकृत अॅटलासाचा तो नियमित भाग नव्हता. कित्येकांनी पुढे ते विकत घेऊन आपल्या प्रतीत शिवून घेतलं. चित्रात कुक पाण्याच्या काठाशी उभा आहे, पाठ हल्लेखोरांकडे, हात होड्यांकडे उंचावलेला, जणू आपल्या माणसांना तो सांगतोय, गोळ्या थांबवा. मागून एक जण खंजीर उगारतोय. शांतिदूताचा पाठीमागून घात.

किंगच्या मजकुरात हे आहेच. होड्यांना हुकूम द्यायला तो वळला आणि मागून वार झाला, असं किंग लिहितो. पण त्याच मजकुरात त्याआधीचंही आहे. एक होडी चोरीला गेली म्हणून कुक बंदूकधारी शिपाई घेऊन किनाऱ्यावर उतरला तो राजा कालानिओपूला ओलीस धरून जहाजावर न्यायला. कुकनं आधी छर्रे झाडले, मग गोळी झाडली आणि एक माणूस मारला. हे सगळं छापील आहे, कुणी दडवलेलं नाही. पण लोकांच्या मनात चित्र राहिलं, मजकूर राहिला नाही. जॉन क्लीव्हलीनं आपल्या भावाच्या आठवणींवरून, भाऊ जहाजावर सुतार होता, हाच प्रसंग रंगवला. त्यावरून निघालेल्या छापचित्रातही कुक शांतता मागणाराच दिसतो. मग २००४ साली मूळ जलरंगचित्र एका कुटुंबाच्या संग्रहातून लिलावात आलं. त्यात कुक बंदूक उगारून जिवानिशी झुंजतोय. भावानं सांगितलं एक, छापलं गेलं दुसरंच. दोनशे वर्षं खोटं चित्र भिंतींवर होतं आणि खरं एका घरात.

आता पोएतुआबद्दल. वेबरनं काढलेली, ताहितीजवळच्या राइआतेआ बेटाची ही राजकन्या प्रशांत महासागराच्या सगळ्या चित्रांत बहुधा सर्वांत जास्त वेळा छापली गेलेली असेल. कानामागे पांढरी फुलं, उघडे खांदे, हातात पंखा, ओठांवर पुसटसं स्मित. रिसॉर्टच्या जाहिरातीत शोभावं असं. तिचं मोठं तैलचित्र लंडनला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. १७७७ च्या नोव्हेंबरमध्ये कुकचे दोन माणूस जहाज सोडून बेटांवर पळाले. ते परत मिळावेत म्हणून पोएतुआला, तिच्या नवऱ्याला आणि भावाला 'डिस्कव्हरी' जहाजावर बोलावून घेतलं आणि केबिनमध्ये कोंडलं. बाहेर होड्यांमधून बेटावरच्या बायका रडून आकांत करत होत्या. पळालेले सापडल्यावर तिघांना सोडलं. वेबरनं तिचं रेखाटन त्या कैदेतच केलं असावं असं अभ्यासक मानतात. चित्रात ती ओलीस आहे हे कुठेच दिसत नाही. दिसणार कसं? ते दिसायला मजकूर लागतो, तारीख लागते, जहाजाचं नाव लागतं. ते काढून घेतलं की उरते नुसती सुंदर परदेशी बाई. तिच्या बाबतीत जे घडलं ते तिच्यावरच दुसऱ्यांदा होतं असं मला वाटतं, आणि हे मी जपून शब्द वापरून लिहितोय.

व्यापाऱ्यांच्या बाजूनं बोलणारे काही मुद्दे मांडतात आणि त्यातला पहिला वजनदार आहे. ते म्हणतात, आम्ही अखंड पुस्तकं फोडत नाही, आधीच मोडकळीस आलेली, पानं गहाळ झालेली पुस्तकं फोडतो. १७८४ चा अॅटलास तर मुळातच मजकुरापासून वेगळा होता, मग फोडलं काय? हे खरं आहे की अॅटलास वेगळा होता. पण तो मजकुराच्या सोबत विकला गेला, प्रत्येक चित्राला क्रमांक होता आणि वाचणारा एका मांडीवर मजकूर, दुसऱ्या मांडीवर चित्रं ठेवून वाचायचा. बऱ्याच मालकांनी चित्रांना घडी घालून ती थेट मजकुरात शिवून घेतली. माझ्या स्नेह्यांच्या चित्रावरची घडीची रेघ तेच सांगते. मोडकळीस आलेल्या पुस्तकाबद्दल म्हणाल, तर काही पानं गहाळ असलेलं पुस्तक अजून पुस्तकच असतं. ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीचे दोन अध्याय वाळवीनं खाल्ले म्हणून उरलेल्या पानांची कुणी शुभेच्छापत्रं करत नाही. आणि व्यवहाराची गोष्ट उघड आहे. पन्नास-साठ चित्रं सुटी विकून जे मिळतं ते अख्ख्या पुस्तकाच्या किमतीहून जास्त भरतं. त्यामुळे "मोडकळीस आलेलं" कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्याच्याच हातात कात्री असते.

दुसरा मुद्दा, यामुळे सामान्य माणसाला इतिहासाचा एक तुकडा परवडतो. मला हा मुद्दा मनापासून समजतो, कारण माझे स्नेही लबाड नाहीत. त्यांना त्या चित्राचं खरोखर वेड आहे. पण ज्याला भिंतीवर ते चित्र हवंय त्याला ते पुस्तक न फोडता देता येतं, आणि तेही चांगल्या दर्जाचं. पहिल्या सफरीतल्या सिडनी पार्किन्सनचं उदाहरण घ्या. बुखान गेल्यावर सगळं काम पार्किन्सनवर पडलं. परतीच्या वाटेवर, जानेवारी १७७१ मध्ये, तोही समुद्रातच गेला. त्याच्या वनस्पतींच्या चित्रांवरून बँक्सनं पुढच्या तेरा वर्षांत ७४३ तांब्याचे पत्रे कोरून घेतले आणि मग ते छापलेच नाहीत. पत्रे जवळजवळ दोनशे वर्षं तसेच पडून होते, शेवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. १९८० ते १९९० या काळात त्यांतल्या ७३८ पत्र्यांवरून रंगीत छाप काढण्यात आले, पत्र्यावरच हातानं रंग भरून, शंभर संच. कुठलंही पुस्तक फोडावं लागलं नाही. आणि आता तर पत्राही लागत नाही. न्यूझीलंडच्या ते पापा संग्रहालयानं २०१४ पासून आपल्या हजारो चित्रांच्या मोठ्या फायली कुणालाही फुकट उतरवून घ्यायला दिल्या. चांगल्या कागदावर छापून घ्या, फ्रेम करा, खाली संग्रहालयाचं नाव घाला.

पण मग ते ओरिजिनल राहत नाही, असं म्हणतात. बरोबर. आणि ओरिजिनलचा हा हव्यास नेमका कशासाठी, हे एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही. १७८४ च्या अॅटलासातली चित्रं काळ्या शाईत छापली होती. स्नेह्यांच्या चित्रातला निळा समुद्र आणि लाल पट्ट्या नंतर कुणीतरी विक्रीसाठी भरल्या. ज्याला आपण ओरिजिनल म्हणून जपतो ते कापलेलं, रंगवलेलं आणि ओळ झाकलेलं आहे. फुकट मिळणारी फाइल त्यापेक्षा मुळाच्या जास्त जवळ आहे.

मजकूर टिकला की काय हाती लागतं, त्याचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. पहिल्या सफरीच्या कागदपत्रांत काही जलरंगचित्रं होती. नाव नसल्यामुळे अभ्यासकांनी त्या चित्रकाराला त्याच्या एका विषयावरून "मुख्य शोककर्त्याचा चित्रकार" म्हणायला सुरुवात केली. बँक्सच असावा, असा अनेकांचा अंदाज. त्यातल्या एका चित्रात एक माओरी माणूस आणि एक इंग्रज समोरासमोर उभे आहेत. माओरीच्या हातात मोठा शेवंड, इंग्रजाच्या हातात कापडाचा तुकडा. दोघंही आपली वस्तू घट्ट धरून. १९९७ मध्ये बँक्सचं १८१२ चं एक पत्र अभ्यासकांच्या नजरेस आलं. त्यात त्यानं लिहिलंय की ताहितीहून आमच्याबरोबर आलेल्या तुपाइआला चित्र काढता येऊ लागलं होतं आणि मी माओरीकडून शेवंड घेतानाचं चित्र त्यानंच काढलं. तुपाइआ म्हणजे राइआतेआचा पुजारी आणि दर्यावर्दी, ज्यानं कुकला बेटांची वाट दाखवली, माओरींशी बोलणं जमवलं आणि डिसेंबर १७७० मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तापानं मेला. एका पत्रातल्या दोन ओळींनी अख्ख्या संग्रहाचा कर्ता बदलला. जो चित्राचा विषय समजला जायचा तो चित्रकार निघाला. ते पत्र जर "सुंदर हस्ताक्षर" म्हणून फ्रेम करून विकलं गेलं असतं तर?

तुपाइआनं बेटांचा एक नकाशाही केला. त्यात ७४ बेटं. मूळ हरवलं, कुकनं केलेली नक्कल उरली आणि १७७८ मध्ये गेऑर्गचे वडील योहान फोर्स्टर यांनी तो कोरून छापला. युरोपियन डोळ्यांना बेटांच्या जागा चुकलेल्या वाटल्या, म्हणून दीर्घकाळ तो चुकीचा नकाशा मानला गेला. अलीकडच्या अभ्यासकांनी नकाशावरचे शब्द, तुपाइआबद्दलच्या नोंदी आणि तिथली दर्याची परंपरा एकत्र वाचून दाखवलं की तो होडीत बसून दिशा मोजणाऱ्याच्या हिशेबानं काढलेला आहे, आकाशातून खाली पाहणाऱ्याच्या नाही. शिडाची होडी चालवणाऱ्या कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. नवल वाटायचं ते याचं की हे कळायला अडीचशे वर्षं लागली, आणि शेजारचे शब्द टिकले म्हणूनच कळलं.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध एका माणसाचा आहे, विल्यम हॉजेसचा. टोंगाच्या किनाऱ्याचं चित्र काढणारा हॉजेस पुढे १७८० मध्ये हिंदुस्थानात आला, वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयानं फिरला आणि त्यानं ग्वाल्हेरच्या किल्ल्याची चित्रं काढली. तो किल्ला इंग्रजांनी त्याच १७८० साली शिंद्यांकडून घेतला होता. हॉजेसच्या हिंदुस्थानच्या दृश्यांच्या पुस्तकातून ग्वाल्हेर छापून निघालं. आज पुण्या-मुंबईतल्या घरांत, क्लबांत, वकिलांच्या ऑफिसांत जी "जुन्या हिंदुस्थानची" चित्रं टांगलेली असतात, त्यातली कित्येक अशाच पुस्तकांतून कापलेली. वेरूळची लेणी काढणारा पुण्याचा गंगाराम तांबट आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटनं त्याच्याकडून चित्रं करून घेतली आणि आपल्या लेखात त्याचं नावही घेतलं. त्याचं काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. लेख अखंड राहिला म्हणून गंगाराम राहिला. प्रशांत महासागरातल्या बेटांची आणि आपली दुखरी जागा एकच आहे, म्हणून त्यांच्या पानांची काळजी आपणही करावी असं मला वाटतं.

काय करता येईल, तर पुष्कळ. लिलाव करणाऱ्यांनी सुटं चित्र विकताना ते कुठल्या पुस्तकातलं, कितवं पान आणि ते कुणी कधी कापलं, हे माहीत असेल तेवढं छापावं. आपण कापलं असेल तर तसं लिहावं. लिहायला लाज वाटली तर कापू नये. अखंड प्रत हाती आली तर ती ग्रंथालयाला किंवा अखंड ठेवणाऱ्यालाच विकायची, हा नियम व्यापाऱ्यांच्या संघटनांनी स्वतःहून घालून घ्यावा. २०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीनं लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाबरोबर मिळून, लंडनला गेलेल्या राइआतेआच्या माई या तरुणाचं रेनॉल्ड्सनं काढलेलं तैलचित्र ५ कोटी पौंडांना घेतलं, ते खाजगी घरात गडप होऊ नये म्हणून. ते योग्यच झालं. त्याच माईचे छाप असलेली पुस्तकं मात्र फोडली जात असताना कुणी हूं की चूं करत नाही. कालानिओपूनं कुकला दिलेला पिसांचा झगा आणि शिरस्त्राण २०१६ मध्ये न्यूझीलंडहून हवाईला परत गेलं. हवाईच्या लोकांनी ते ओव्या गात स्वीकारलं. जी वस्तू दिली गेली ती घरी पोचली, आणि राजा त्या दिवसांत जहाजापाशी आला त्याचं वेबरनं काढलेलं चित्र, पान सुटं, रंग भरलेला, आजही दुकानांच्या खणांत पालथं पडलेलं मिळतं.

आणि विकत घेणाऱ्यानं एक प्रश्न विचारावा. "याच्या शेजारी काय लिहिलं होतं?" दुकानदाराला सांगता आलं तर घ्यावं, नाही तर ठेवून यावं.

मी स्नेह्यांना किंगचा तो परिच्छेद मराठीत करून दिला, एका पानावर. त्यांनी फ्रेमवाल्याकडे जाऊन चित्राखालचं कार्ड कापून घेतलं. आता ओळ दिसते. परिच्छेद त्यांनी फ्रेमच्या मागे चिकटवलाय. परवा गेलो तेव्हा त्यांची नात पाहुण्यांना सांगत होती, "हे भोपळे आहेत, आणि ही माणसं हसतायत. आत. दिसत नाही एवढंच."